हिपॅटायटिस सीवरील औषधांचा इतिहास

हिपॅटायटिस सी हा रक्तावाटे पसरणारा यकृताचा विषाणुजन्य आजार आहे. पुन्हा वापरलेली सुई, निर्जंतुक न केलेली उपकरणे, तपासणी न करता चढवलेले रक्त, डायलिसिस केंद्रातील हलगर्जी, गोंदण्याची सुई आणि नशेसाठी एकमेकांत फिरवलेली सिरिंज हे त्याच्या प्रसाराचे मुख्य मार्ग आहेत. संसर्ग झाल्यावर बहुतेकांना काहीच जाणवत नाही; कावीळ थोड्यांनाच होते. सुमारे ३० टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांच्या आत आपोआप नाहीसा होतो. उरलेल्या ७० टक्क्यांच्या यकृतात तो ठाण मांडतो आणि वर्षानुवर्षे यकृताच्या पेशींचा नाश करत राहतो. अशा रुग्णांपैकी १५ ते ३० टक्क्यांना वीस वर्षांच्या आत सिरॉसिस होतो, म्हणजे व्रण साचून यकृत कडक होते. पुढे पोटात पाणी होणे, रक्ताच्या उलट्या आणि यकृताचा कर्करोग हे धोके उभे राहतात.

या आजाराच्या औषधोपचाराचा इतिहास जेमतेम चाळीस वर्षांचा आहे. एवढ्या काळात तो जवळजवळ असाध्य अवस्थेपासून बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होण्यापर्यंत आला. जुनाट विषाणुसंसर्गांमध्ये हे यश वेगळे उठून दिसते. एचआयव्ही आपली जनुके माणसाच्या जनुकांत गुंफून ठेवतो, हिपॅटायटिस बीचा विषाणू पेशीच्या केंद्रकात दडून राहतो. म्हणून त्यांना औषधांनी दाबून ठेवता येते, पण सहसा समूळ काढता येत नाही. हिपॅटायटिस सीचा विषाणू केंद्रकात शिरत नाही. त्याची वाढ पुरेसा काळ रोखली की तो शरीरातून कायमचा जातो. ही गोष्ट प्रयोगशाळेत सिद्ध झाली, तरी ती रुग्णापर्यंत पोहोचायला किंमत, पेटंट कायदा आणि सरकारी आरोग्ययंत्रणा यांचा वेगळाच प्रवास व्हावा लागला. या दोन्ही प्रवासांचा मिळून हा इतिहास बनतो.

निनावी हिपॅटायटिस

१९६० च्या दशकात बारूक ब्लूमबर्ग यांना हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा माग लागला आणि १९७३ मध्ये हिपॅटायटिस एचा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. रक्तातून पसरणारा हिपॅटायटिस बी तपासणीने गाळला, की रक्त घेणाऱ्या रुग्णांची यकृताच्या आजारातून सुटका होईल, अशी त्या वेळी अपेक्षा होती. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रक्तपेढीत काम करणारे हार्वे ऑल्टर रक्त घेतलेल्या रुग्णांवर दीर्घकाळ लक्ष ठेवून होते. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांना वगळून ऐच्छिक रक्तदात्यांचेच रक्त घेणे आणि हिपॅटायटिस बीची तपासणी करणे, या दोन उपायांनी रुग्णांतील हिपॅटायटिसचे प्रमाण बरेच घटले, पण थांबले नाही. १९७५ मध्ये ऑल्टर, स्टीफन फाइनस्टोन, रॉबर्ट पर्सेल आणि अल्बर्ट कपिकियन यांनी दाखवले की उरलेले रुग्ण एचेही नव्हते आणि बीचेही नव्हते. या आजाराला ‘नॉन-ए नॉन-बी’ असे तात्पुरते नाव पडले आणि ते पुढे चौदा वर्षे टिकले.

रुग्णांचे रक्त चिंपांझींना टोचल्यावर त्यांनाही तोच आजार होतो, हे १९७८ मध्ये सिद्ध झाले. कारण संसर्गजन्य आहे एवढे त्यातून कळले. पण विषाणू सूक्ष्मदर्शकात दिसेना आणि पेशींच्या संवर्धनात वाढेना. सुरुवातीला हा आजार सौम्य मानला जाई. यकृताचे नमुने काढून वर्षानुवर्षे पाहिल्यावर अनेकांत तो सिरॉसिसकडे सरकत असल्याचे उघड झाले.

विषाणू न पाहताच त्याला पकडण्याचे काम कॅलिफोर्नियातील कायरॉन या कंपनीत झाले. मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी अमेरिकी रोगनियंत्रण केंद्रातील डॅनियल ब्रॅडली यांच्या सहकार्याने बाधित चिंपांझीच्या रक्तातील सर्व जनुकीय तुकड्यांचा संग्रह केला, ते जिवाणूंमध्ये घालून त्यांची प्रथिने बनवून घेतली, आणि रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे त्यांपैकी कोणत्या प्रथिनाला चिकटतात ते शोधले. असंख्य तुकड्यांतून एक हाती लागला. त्यावरून पूर्ण विषाणूची जनुकीय रचना वाचता आली आणि १९८९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हिपॅटायटिस सी हे नाव जगापुढे आले. १९९० पासून रक्ततपासणी उपलब्ध झाली. १९९२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली आणि श्रीमंत देशांतील रक्तपेढ्यांमधून हा विषाणू जवळजवळ हद्दपार झाला. भारतात ही तपासणी रक्तपेढ्यांना सक्तीची होईपर्यंत नव्या शतकाची सुरुवात उजाडली. तोवर वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या थॅलॅसेमिया आणि हिमोफिलियाच्या अनेक रुग्णांना संसर्ग होऊन गेला होता.

इंटरफेरॉनचे पर्व

पहिला उपचार विषाणू सापडण्याआधीच सुरू झाला होता. इंटरफेरॉन हे शरीर स्वतःच विषाणूंविरुद्ध तयार करत असलेले प्रथिन असून त्याचा शोध १९५७ मध्ये लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी लावला. जनुकीय तंत्राने ते मोठ्या प्रमाणावर बनवता येऊ लागल्यावर बेथेस्डा येथे जे हूफनॅगल यांनी नॉन-ए नॉन-बीच्या दहा रुग्णांना ते टोचले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या छोट्या अभ्यासात बहुतेकांच्या यकृताच्या तपासण्या सुधारल्याचे दिसले. १९९१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, या उपचाराला मान्यता दिली.

आठवड्यातून तीन इंजेक्शने, सहा महिने किंवा वर्षभर, असा हा उपचार होता. उपचार संपल्यानंतर सहा महिन्यांनीही रक्तात विषाणू सापडला नाही, तर रुग्ण बरा झाला असे धरले जाई. नव्या औषधांच्या काळात ही मुदत बारा आठवड्यांवर आली. या कसोटीवर सहा महिन्यांच्या इंटरफेरॉनने शंभरातले सहा-सात आणि वर्षभराच्या उपचाराने पंधरा-सोळा रुग्ण बरे होत. १९९८ मध्ये रायबाविरिनच्या गोळ्या जोडीला आल्या आणि हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास गेले. २००१ पासून रेणूला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची साखळी जोडलेले पेगइंटरफेरॉन मिळू लागले. ते शरीरात जास्त काळ टिकत असल्याने आठवड्याला एक इंजेक्शन पुरे, आणि रायबाविरिनसह त्याने निम्म्याहून किंचित अधिक रुग्ण बरे होत.

विषाणूच्या जनुकीय प्रकारानुसार हा आकडा बदले. अमेरिका आणि युरोपात जास्त आढळणाऱ्या पहिल्या प्रकारात वर्षभराच्या उपचारानंतरही ४२ ते ४६ टक्केच यश मिळे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात सहा महिन्यांत पाऊणशे टक्क्यांच्या पुढे मजल जाई. भारतात तिसरा प्रकार सर्वाधिक आढळतो, त्यामुळे येथील रुग्णांच्या वाट्याला तुलनेने बरी शक्यता होती. पण उपचाराचा खर्च काही लाखांत जाई आणि तो बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होता.

उपचार सोसणेही सोपे नव्हते. प्रत्येक इंजेक्शननंतर ताप, थंडी आणि अंगदुखी येई. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट कमी होत, थायरॉइड बिघडे, केस गळत. काहींना इतके तीव्र नैराश्य येई की उपचार थांबवावा लागे. रायबाविरिनने रक्तक्षय होई आणि गर्भाला अपाय होत असल्याने स्त्री-पुरुष दोघांनाही उपचाराच्या काळात व नंतर काही महिने गर्भधारणा टाळावी लागे. सिरॉसिस बळावलेल्या रुग्णाला इंटरफेरॉन देणे धोक्याचे होते. ज्याला उपचाराची सर्वांत निकड, त्यालाच तो नाकारावा लागे, ही या पर्वाची मोठी उणीव होती.

प्रयोगशाळेतील अडथळा

इंटरफेरॉन शरीराची प्रतिकारयंत्रणा चेतवते, विषाणूवर नेमका घाव घालत नाही. तसा घाव घालण्यासाठी विषाणूची कोणती प्रथिने काय काम करतात हे माहीत हवे आणि हजारो रसायनांची चाचणी घेण्यासाठी विषाणू प्रयोगशाळेत वाढवता यायला हवा. पहिली गोष्ट लवकर साधली. विषाणूचे आरएनए सुमारे ९,६०० अक्षरांचे असते. त्यापासून सुमारे ३,००० अमिनो आम्लांची एकच लांब प्रथिनसाखळी तयार होते आणि ती कापली जाऊन दहा प्रथिने सुटी होतात. त्यांपैकी तीन पुढे औषधांची लक्ष्ये ठरली. एनएस३ हे साखळी कापणारे प्रोटिएज विकर आहे. एनएस५बी हे आरएनएच्या नव्या प्रती काढणारे पॉलिमरेज आहे. एनएस५ए स्वतः विकर नाही, पण प्रती काढण्याची आणि नवे विषाणू जुळवण्याची जागा त्याच्याशिवाय उभी राहत नाही.

दुसरी गोष्ट साधायला दशक लागले. विषाणूच्या आरएनएचे शेवटचे टोक पहिल्या वाचनातून सुटून गेले होते. ते सापडल्यावर सेंट लुइस येथील चार्ल्स राइस यांनी १९९७ मध्ये दोषमुक्त, पूर्ण आरएनए तयार केले. चिंपांझीच्या यकृतात ते टोचताच हिपॅटायटिस झाला. हा विषाणू एकटाच आजार घडवू शकतो, याचा तो निर्णायक पुरावा होता. १९९९ मध्ये जर्मनीतील माइन्झ येथे फोल्कर लोमान आणि राल्फ बार्टेनश्लागर यांनी विषाणूचा स्वतःच्या प्रती काढणारा भाग मानवी यकृताच्या कर्करोगपेशींमध्ये वाढवून दाखवला. या रचनेला रेप्लिकॉन म्हणतात. तिच्यात पूर्ण विषाणू तयार होत नाही, त्यामुळे संसर्गाचा धोका नाही. पण एखादे रसायन प्रती काढणे थांबवते का, हे सहज तपासता येते. जगभरच्या औषध कंपन्यांचे काम या तंत्राने खुले झाले. २००५ मध्ये जपानच्या ताकाजी वाकिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जपानी रुग्णाकडून मिळालेल्या वाणाच्या आधारे पूर्ण विषाणूही पेशींत वाढवला. ऑल्टर, हॉटन आणि राइस यांना २०२० चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. बार्टेनश्लागर आणि राइस यांना सोफोसब्युविर हे औषध घडवणाऱ्या मायकेल सोफिया यांच्यासह २०१६ चा लास्कर पुरस्कार मिळाला होता.

थेट विषाणूवर मारा

प्रोटिएज रोखणारे पहिले रसायन २००३ मध्ये रुग्णांवर वापरले गेले. दोन दिवसांत विषाणूचे प्रमाण शेकडो पटींनी खाली आले. पण प्राण्यांच्या हृदयावर दुष्परिणाम दिसल्याने ते सोडून द्यावे लागले. मे २०११ मध्ये बोसेप्रेविर आणि टेलाप्रेविर या दोन प्रोटिएजरोधकांना मान्यता मिळाली. पेगइंटरफेरॉन आणि रायबाविरिनच्या जोडीने दिल्यास त्यांनी पहिल्या प्रकारातील यश ४५ वरून ७० टक्क्यांच्या आसपास नेले. मात्र इंटरफेरॉनचे सारे त्रास कायम राहिले, वर रक्तक्षय आणि टेलाप्रेविरने येणारे तीव्र पुरळ यांची भर पडली. दिवसातून अनेकदा आहारासोबत गोळ्या घ्याव्या लागत. तिसऱ्या प्रकारावर ती निकामी असल्याने बहुसंख्य भारतीय रुग्णांना त्यांचा उपयोग नव्हता. तीन-चार वर्षांतच ती बाजारातून गेली.

इंटरफेरॉनशिवाय आजार बरा होतो का, हा कळीचा प्रश्न होता. जानेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधीच्या उपचाराला दाद न दिलेल्या अकरा रुग्णांना डाक्लाटास्विर आणि असुनाप्रेविर ही दोनच औषधे तोंडावाटे देण्यात आली आणि त्यांपैकी चार बरे झाले. संख्या लहान होती, पण इंजेक्शन न घेता बरे होणे शक्य आहे हे तिने सिद्ध केले. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये एडवर्ड गेन यांच्या अभ्यासात दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या दहा रुग्णांनी सोफोसब्युविर व रायबाविरिन बारा आठवडे घेतले. दहाही बरे झाले.

सोफोसब्युविर हे या सगळ्या औषधांचा कणा ठरले. फार्मासेट या छोट्या अमेरिकी कंपनीत मायकेल सोफिया यांच्या गटाने ते तयार केले. ते आरएनएच्या एका अक्षराचे सोंग घेते. पॉलिमरेजने ते साखळीत जोडले की साखळी तिथेच संपते. अशा रेणूंची अडचण ही की पेशीत गेल्यावर त्यांना फॉस्फेट जोडण्याची पहिली पायरी फार मंद असते, आणि फॉस्फेट आधीच जोडून दिले तर विद्युतभारामुळे रेणू पेशीत शिरत नाही. कार्डिफ विद्यापीठातील ख्रिस मॅकग्विगन यांनी फॉस्फेट झाकून ठेवण्याची युक्ती शोधली होती. तिच्यामुळे रेणू पेशीत सुखरूप शिरतो आणि यकृतातील विकरे वरचे आवरण काढून टाकतात. पॉलिमरेजचा हा भाग सर्व जनुकीय प्रकारांत जवळजवळ सारखा असतो आणि तो बदलला तर विषाणू स्वतःच दुबळा होतो. म्हणून सोफोसब्युविर सर्व प्रकारांवर चालते आणि त्याला प्रतिरोध क्वचितच निर्माण होतो.

६ डिसेंबर २०१३ रोजी एफडीएने सोफोसब्युविरला मान्यता दिली. त्यानंतर नव्या जोड्या झपाट्याने आल्या. २०१४ मध्ये सोफोसब्युविर आणि लेडिपास्विर एकाच गोळीत मिळू लागले. डाक्लाटास्विरला त्याच वर्षी युरोपात आणि २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. जून २०१६ मध्ये सोफोसब्युविर-वेलपाटास्विर ही सर्व प्रकारांवर चालणारी गोळी आली. मुख्य चाचणीतील ६२४ पैकी ६१८ रुग्ण तिने बरे झाले. २०१७ मध्ये ग्लेकाप्रेविर-पिब्रेंटास्विर ही आठ आठवड्यांची जोडी आणि आधीच्या गोळ्यांना दाद न दिलेल्यांसाठी सोफोसब्युविर-वेलपाटास्विर-व्हॉक्सिलाप्रेविर ही तिहेरी गोळी उपलब्ध झाली. दिवसाला एक गोळी, थोडी डोकेदुखी किंवा थकवा, आणि ९५ टक्क्यांहून अधिक यश अशी स्थिती चार वर्षांत आली.

हजार डॉलरची गोळी

गिलियड सायन्सेस या कंपनीने फार्मासेटला सुमारे ११ अब्ज डॉलरना विकत घेतले होते. सोफोसब्युविरची किंमत तिने एका गोळीला १,००० डॉलर, म्हणजे बारा आठवड्यांना ८४,००० डॉलर ठेवली. लेडिपास्विरसह ती ९४,५०० डॉलर झाली. लिव्हरपूल विद्यापीठातील अँड्र्यू हिल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अंदाज मांडला की मोठ्या प्रमाणावर उत्पादन केल्यास तेवढ्याच गोळ्यांचा उत्पादनखर्च ६८ ते १३६ डॉलर येईल. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या गरिबांसाठीच्या आरोग्य योजनांनी खर्चाच्या भीतीने औषधावर निर्बंध घातले. यकृत बरेच खराब झाल्याखेरीज किंवा रुग्ण काही महिने व्यसनमुक्त असल्याखेरीज औषध मंजूर होत नसे. अमेरिकी सिनेटच्या अर्थसमितीचा डिसेंबर २०१५ मधील द्विपक्षीय अहवाल या निष्कर्षावर आला की किंमत ठरवताना जास्तीत जास्त महसुलाला प्राधान्य दिले गेले आणि औषध रुग्णांच्या आवाक्यात राहण्याचा विचार मागे पडला. बरे करणारे औषध हाताशी असताना आजार वाढेपर्यंत माणसाला थांबवून ठेवणे, हे वैद्यकाच्या मूळ हेतूशीच विसंगत होते.

काही सरकारांनी वेगळा मार्ग काढला. ऑस्ट्रेलियाने २०१६ पासून पाच वर्षांसाठी सुमारे एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची ठोक रक्कम ठरवून कितीही रुग्णांना औषध देण्याची मुभा मिळवली. अमेरिकेतील लुइझियाना राज्याने २०१९ मध्ये अशाच धर्तीचा करार केला.

भारतातील परवाने आणि पेटंटचा वाद

जगातल्या बहुतांश रुग्णांसाठी निर्णायक घडामोडी भारतात झाल्या. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद केले होते आणि त्या काळात येथील औषधउद्योग उभा राहिला. मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये एचआयव्हीची तिहेरी औषधे दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी दरात देऊ केली, ती याच पायावर. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार २००५ मध्ये रेणूंवरील पेटंट परत आले. पण पेटंट कायद्यातील कलम ३(ड) मुळे जुन्या रेणूत किरकोळ बदल करून नवे पेटंट मिळवण्याला आळा बसला.

सोफोसब्युविरच्या पेटंट अर्जांना ‘आय-मॅक’ ही संस्था, दिल्ली नेटवर्क ऑफ पॉझिटिव्ह पीपल ही रुग्णांची संघटना आणि काही औषध कंपन्या यांनी हरकत घेतली. जानेवारी २०१५ मध्ये पेटंट कार्यालयाने एक महत्त्वाचा अर्ज फेटाळला. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेरविचारासाठी परत पाठवला आणि मे २०१६ मध्ये पेटंट मंजूर झाले. दरम्यान सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियडने सिप्लासह सात भारतीय उत्पादकांना ऐच्छिक परवाने दिले होते. विक्रीवर सात टक्के स्वामित्वशुल्क देऊन ते ९१ देशांत औषध विकू शकत होते. पुढे उत्पादकांची आणि देशांची संख्या वाढली. हैदराबादच्या नॅटको कंपनीने मार्च २०१५ मध्ये २८ गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना बाजारात आणली. अमेरिकेत एका गोळीला जेवढे पैसे पडत, जवळजवळ तेवढ्यात भारतात बारा आठवड्यांचा पूर्ण उपचार होऊ लागला. स्पर्धेने किमती आणखी उतरल्या.

परवान्यांच्या कक्षेतून चीन, ब्राझील, थायलंड, मलेशिया यांसारखे अनेक मध्यम उत्पन्नाचे देश सुरुवातीला वगळले होते. श्रीमंत देशांतील काही रुग्ण भारतीय औषधे स्वतःपुरती मागवू लागले. मलेशियाने सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारी वापरासाठी पेटंट बाजूला ठेवून जेनेरिक सोफोसब्युविर आणले. डाक्लाटास्विरचा परवाना नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘मेडिसिन्स पेटंट पूल’ या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे आला आणि भारतीय उत्पादकांना तोही मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. गरीब देशांच्या सरकारी खरेदीसाठी सोफोसब्युविर-डाक्लाटास्विरचा पूर्ण उपचार पुढे ६० डॉलरपर्यंत खाली आला.

इजिप्तची मोहीम

हिपॅटायटिस सीचे सर्वाधिक प्रमाण असलेल्या देशांत इजिप्त अनेक दशके आघाडीवर होता. याचे कारण एका आरोग्यमोहिमेतच दडलेले होते. नाईलच्या खोऱ्यातील बिलहार्झिया या कृमिरोगावर १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अँटिमनीच्या क्षाराची इंजेक्शने शिरेतून दिली जात. एका रुग्णाला दहा-बारा किंवा अधिक इंजेक्शने लागत आणि काचेच्या सिरिंजा नीट न उकळता पुन्हा वापरल्या जात. रक्तातून पसरणारा विषाणू अशा रीतीने गावोगाव पोहोचला. २००८ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील १४.७ टक्के लोकांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे आढळली.

इजिप्तने २००६ मध्ये राष्ट्रीय समिती नेमून उपचार केंद्रांचे जाळे उभारले होते, त्यामुळे नवे औषध येताच वाटपाची यंत्रणा तयार होती. २०१४ मध्ये सरकारने सोफोसब्युविर महिन्याला ३०० डॉलर या दराने मिळवले. नंतर स्थानिक जेनेरिकांनी पूर्ण उपचार शंभर डॉलरच्या खाली आणला. उपचारासाठी पुढे येणारे रुग्ण कमी होऊ लागल्यावर न कळलेले रुग्ण शोधण्याचे ठरले. ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत सुमारे ४ कोटी ९६ लाख प्रौढांची बोटातील रक्ताच्या थेंबावर तपासणी झाली आणि सुमारे २२ लाख जणांत प्रतिपिंडे आढळली. ज्यांच्या रक्तात विषाणू होता त्यांना मोफत औषध मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनाच्या वाटेवरील ‘सुवर्ण स्तर’ गाठलेला पहिला देश म्हणून इजिप्तला मान्यता दिली.

पंजाब आणि राष्ट्रीय कार्यक्रम

भारतात प्रतिपिंडांचे सरासरी प्रमाण राष्ट्रीय पाहणीत ०.३२ टक्के आढळले, पण लोकसंख्येमुळे रुग्णसंख्या मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये ती सुमारे ५५ लाख होती. मणिपूर आणि मिझोराममध्ये इंजेक्शनने नशा करणाऱ्यांत संसर्ग फार आहे. पंजाबमध्ये एका सामाजिक पाहणीत ३.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली; तेथे नशेच्या जोडीला असुरक्षित वैद्यकीय इंजेक्शनांचाही वाटा होता.

जून २०१६ मध्ये पंजाब सरकारने मुख्यमंत्री हिपॅटायटिस सी मदत निधीतून मोफत औषधे देण्यास सुरुवात केली. २२ जिल्हा रुग्णालये आणि तीन वैद्यकीय महाविद्यालये यांत उपचार सुरू झाले. यकृततज्ज्ञ जिल्ह्याजिल्ह्यात नव्हते, म्हणून चंदीगडच्या पीजीआय संस्थेतील तज्ज्ञांनी जिल्ह्यातील फिजिशियनांना प्रशिक्षण देऊन दूरदृश्य प्रणालीवरून मार्गदर्शन केले. सिरॉसिस आहे की नाही हे महागड्या उपकरणांऐवजी साध्या रक्ततपासणीच्या गणितातून ठरवले जाई. दोन वर्षांत सुमारे ४८ हजार रुग्णांची नोंद झाली आणि उपचार पूर्ण करून तपासणीला आलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक बरे झाले. हा आजार जिल्हा रुग्णालयात बरा करता येतो, हे या अनुभवाने देशाला दाखवून दिले.

२८ जुलै २०१८ या जागतिक हिपॅटायटिस दिनी राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याची राष्ट्रीय कृती योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत जाहीर झाली. या कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. सिरॉसिस नसलेल्यांना सोफोसब्युविर-डाक्लाटास्विर बारा आठवडे, सिरॉसिस असूनही यकृताचे काम सुरळीत असलेल्यांना सोफोसब्युविर-वेलपाटास्विर बारा आठवडे, आणि यकृत निकामी होऊ लागलेल्यांना वरच्या केंद्रात त्यासोबत रायबाविरिन किंवा चोवीस आठवड्यांचा उपचार दिला जातो.

उपचारांच्या मर्यादा

नव्या औषधांनाही काही पथ्ये आहेत. हिपॅटायटिस बीचा संसर्ग सोबत असेल तर सीचा विषाणू हटल्यावर तो उसळू शकतो. एफडीएने ऑक्टोबर २०१६ मध्ये तसा ठळक इशारा दिला, म्हणून आधी बीची तपासणी केली जाते. क्षयावरील रिफॅम्पिसिनमुळे ही औषधे निष्प्रभ होतात, हृदयासाठीच्या अमिओडॅरोनबरोबर सोफोसब्युविर घेतल्यास नाडी धोकादायक मंदावते, आणि आम्लपित्तावरील काही गोळ्यांनी वेलपाटास्विरचे शोषण कमी होते. सिरॉसिस झाल्यानंतर विषाणू गेला तरी कर्करोगाचा धोका उरतो, त्यामुळे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. बरे झाल्याने प्रतिकारशक्ती येत नाही. दूषित सुई पुन्हा टोचली तर संसर्ग पुन्हा होतो. प्रतिबंधक लस अजून नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये २०३० पर्यंतचे उद्दिष्ट ठरवले: विषाणुजन्य हिपॅटायटिसचे नवे संसर्ग ९० टक्क्यांनी आणि मृत्यू ६५ टक्क्यांनी कमी करणे. २०२२ च्या अखेरीस जगात सुमारे पाच कोटी लोकांना हिपॅटायटिस सीचा जुनाट संसर्ग होता आणि त्या वर्षी सुमारे २ लाख ४२ हजार मृत्यू झाले. आपल्याला आजार आहे हे जेमतेम ३६ टक्क्यांना माहीत होते. २०१५ पासून नवी औषधे मिळालेले लोक सुमारे सव्वा कोटी होते. औषधाचा प्रश्न मुख्यतः सुटला आहे. लक्षणे नसलेल्या माणसाची तपासणी, दवाखान्यातील प्रत्येक इंजेक्शनची सुरक्षितता आणि नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया व सन्मानाने उपचार या तीन गोष्टी जिथे औषधाच्या जोडीला आल्या, तिथे आजार मागे हटला. जिथे त्या आल्या नाहीत, तिथे स्वस्त गोळी असूनही रुग्ण सिरॉसिसच्या अवस्थेतच रुग्णालयात पोहोचतात.